विजेची मोटार : रोजच्या माणसाच्या हिशेबात



‘विजेची मोटार घ्यावी काय?’ हा प्रश्न हल्ली उल्हासनगरच्या कॅम्पांतून, अंबरनाथच्या कारखान्यांच्या दाराशी आणि बदलापूरच्या नव्या सोसायट्यांच्या आवारात वारंवार ऐकू येतो. उत्तर देणारे दोन तटांत विभागले गेले आहेत. एक म्हणतो, पेट्रोलचे दिवस भरले. दुसरा म्हणतो, हे श्रीमंतांचे खेळणे आहे. दोघेही तावातावाने बोलतात, परंतु कागद-पेन्सिल घेऊन आकडेमोड करावयास कोणी बसत नाही. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. पगाराची पावती ओळ न् ओळ वाचावयाची, कापून घेतलेला प्रत्येक रुपया कुठे गेला हे विचारावयाचे, एवढीच आमची विद्या. तीच विद्या आज आम्ही या मोटारीला लावणार आहोत.

आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. ही मोटार रोजच्या माणसाला अंतराच्या दृष्टीने पुरते. ती अडते ती दुसऱ्याच दोन ठिकाणी : रात्री तिला बांधावयाची जागा, आणि ती घेताना एकरकमी मोजावयाचा पैसा. म्हणून तिची मागणी किती वाढेल हे मोटारीच्या गुणांवर जेवढे ठरेल, त्याहून अधिक आपल्या गावाच्या रचनेवर ठरेल.

वीज आपल्याला नवी नाही

वास्तविक विजेवर प्रवास करणे आपल्या भागाला मुळीच नवे नाही. 3 फेब्रुवारी 1925 रोजी मुंबईहून कुर्ल्यास विजेची पहिली आगगाडी धावली, आणि 1930 सालापर्यंत वीज कल्याणवरून घाट चढून पुण्यास पोचली. कर्जतजवळ भिवपुरीस टाटांचे जलविद्युत केंद्र 1922 सालापासून आहे. मुंबईपासून 68 किलोमीटरवरच्या बदलापुरातून जो माणूस रोज सकाळी लोकल पकडतो, तो विजेच्या गाडीचाच जुना प्रवासी होय.

मग मोटारीला एवढा उशीर का? कारण साधे आहे. आगगाडी आपली वीज वरच्या तारेतून घेत घेत जाते, तर मोटारीला ती शिदोरीसारखी बरोबर बांधून न्यावी लागते. ही शिदोरी म्हणजे बॅटरी. मोटारीचा सारा इतिहास हा या शिदोरीच्या वजनाचा आणि किमतीचा इतिहास आहे.

1899 साली ताशी शंभर किलोमीटरचा वेग ओलांडणारी जगातली पहिली मोटार विजेचीच होती, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. त्या काळी अमेरिकेच्या शहरांत विजेच्या मोटारी सर्रास दिसत. पेट्रोलची गाडी सुरू करावयाची तर पुढे उभे राहून हँडल फिरवावे लागे, आणि त्यात मनगट मोडण्याचा धोका असे. परंतु 1908 साली फोर्डची स्वस्त मोटार आली, 1912 साली कॅडिलॅक गाडीत बटणावर इंजिन सुरू करण्याची सोय आली, पेट्रोल जागोजागी मिळू लागले, आणि शिशाची जड बॅटरी वाहणारी विजेची मोटार मागे पडली. आपल्याकडे 2001 साली बंगळूरहून ‘रेवा’ नावाची चिमुकली गाडी निघाली. तीही शिशाच्या बॅटरीवरच चाले, आणि ती जगभर मिळून काही हजारच खपली.

चित्र पालटले ते लिथियमच्या बॅटरीमुळे. 1991 साली ती बाजारात आली, आणि जिच्या शोधासाठी 2019 सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक तिघा शास्त्रज्ञांना मिळाले. एक युनिट वीज साठविणाऱ्या बॅटरीची किंमत 2010 च्या सुमारास हजार डॉलरच्या वर होती. 2024 साली ती 115 डॉलरच्या आसपास आली. शिदोरी हलकी झाली आणि स्वस्तही झाली. टाटांची विजेची नेक्सॉन जानेवारी 2020 मध्ये आली आणि टियागो सप्टेंबर 2022 मध्ये 8 लाख 49 हजारांपासून विकावयास निघाली, यामागचे मुख्य कारण हेच.

अंतराची भीती

सर्वांत मोठी भीती अशी की, ‘वाटेत वीज संपली तर?’ ही भीती तपासून पाहू. लहान मोटारीत साधारण 25 ते 30 युनिटांची बॅटरी असते. कंपनीचे कागदावरचे आकडे बाजूला ठेवा. वातानुकूलन चालू, रस्त्यावर गर्दी, अशा स्थितीत एका युनिटावर सहा किलोमीटर धरले तरी दीडशे ते पावणेदोनशे किलोमीटर होतात. बदलापूर ते कल्याण हे अंतर 15 किलोमीटरच्या घरात आहे. बदलापूरहून ठाण्यास जाऊन परत आले तरी ऐंशीच्या आत. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत जाणाऱ्याचा तर रोजचा फेरा वीस-पंचवीसचाच. शिवाय आपल्या रस्त्यांवरचा प्रवास म्हणजे थांबत थांबत सरकणे. पेट्रोलचे इंजिन उभ्या उभ्या इंधन जाळते. विजेची मोटर उभी असताना चाकांसाठी काही खात नाही, आणि ब्रेक लावताना थोडी वीज बॅटरीत परतही टाकते. म्हणजे ज्या गर्दीला आपण शिव्या देतो, त्या गर्दीत हीच गाडी अधिक शोभते.

अडचण आहे ती गणपतीची! वर्षाचे साडेतीनशे दिवस आपण चाळीस किलोमीटर फिरतो, परंतु गाडी विकत घेताना डोळ्यांसमोर असते ती कोकणातल्या घरापर्यंतची तीनशे किलोमीटरची वाट. त्या वाटेवर एक-दोनदा थांबून वीज भरावी लागणार. भरण्याचे ठिकाण रिकामे असले तर चहापाण्याएवढा अथवा जेवणाएवढा वेळ जातो. परंतु चतुर्थीच्या आदल्या रात्री तिथे रांग असेल, आणि पेट्रोलची रांग पाच मिनिटांत एक गाडी सोडते तशी ही सोडणार नाही. ज्याची गावची वाट लांबची आणि घरात गाडी एकच, त्याने हा मुद्दा मनात धरावा. मात्र चार दिवसांच्या प्रवासासाठी साडेतीनशे दिवसांचे इंधन महाग घ्यावे काय, हेही त्याने स्वतःस विचारावे.

पैशाचा हिशेब

आता पावती वाचू. हिशेबासाठी पेट्रोल 104 रुपये लिटर आणि गाडी लिटरला 16 किलोमीटर धरू. किलोमीटरला साडेसहा रुपये झाले. घरची वीज सरासरी 10 रुपये युनिट आणि युनिटाला 6 किलोमीटर धरू. एक रुपया 67 पैसे झाले. फरक जवळजवळ 4 रुपये 80 पैशांचा. रोज 40 किलोमीटर आणि वर्षाचे 300 दिवस म्हणजे 12,000 किलोमीटर. वर्षाची बचत 58,000 रुपयांच्या घरात जाते. विजेची गाडी घेताना अडीच लाख जास्त पडले असे धरले, तर ते सव्वाचार वर्षांत फिटतात. परंतु जो रोज दहाच किलोमीटर फिरतो त्याला तेच अडीच लाख फिटावयास सतरा वर्षे लागतात. तोवर गाडीच राहावयाची नाही! तात्पर्य, ही गाडी उभी ठेवणाऱ्याची नव्हे. जो जास्त चालवतो त्याची आहे.

आणखी एक गोष्ट. आपल्या भागात विजेचा खरा प्रतिस्पर्धी पेट्रोल नसून सीएनजी आहे. 80 रुपये किलो आणि किलोला 25 किलोमीटर धरले तर किलोमीटरला 3 रुपये 20 पैसेच पडतात. सीएनजीची गाडी पेट्रोलच्या गाडीपेक्षा थोडी महाग, म्हणून विजेच्या गाडीशी किमतीचा फरक दीड लाखाचा धरू. तो फिटावयास त्याच 12,000 किलोमीटरच्या हिशेबाने आठ वर्षे लागतात. बॅटरीची हमी बहुधा आठ वर्षे अथवा 1,60,000 किलोमीटरची असते. म्हणजे हिशेब अगदी काठावर येतो.

आणि ज्याला घरी वीज भरता येत नाही त्याचे काय? बाहेरच्या जलद केंद्रावर करासह 22 रुपये युनिट पडले, तर किलोमीटरला 3 रुपये 67 पैसे होतात. ही गाडी सीएनजीपेक्षाही महाग चालली! घरच्या खुंटीला बांधली तर ही गाडी स्वस्त, बाजारच्या चाऱ्यावर ठेवली तर महाग. साऱ्या विषयाची मेख इथे आहे.

काही कंपन्यांनी युक्ती काढली की, गाडी विकावयाची आणि बॅटरी भाड्याने द्यावयाची. सप्टेंबर 2024 मध्ये एमजीची ‘विंडसर’ अशी आली : किंमत 9 लाख 99 हजार, आणि बॅटरीचे भाडे किलोमीटरमागे साडेतीन रुपये. एकरकमी बोजा उतरतो, हा फायदा खराच. परंतु भाडे आणि वीज मिळून किलोमीटरचा खर्च पाच रुपयांच्या वर जातो. हप्ता दिसतो एका ठिकाणी, कापला जातो दुसऱ्या ठिकाणी. घेणाऱ्याने दोन्ही आकडे एका कागदावर मांडावेत.

सरकारी मदतीचाही विचार हवा. 1 ऑगस्ट 2019 पासून विजेच्या गाड्यांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. उलट 22 सप्टेंबर 2025 पासून लहान पेट्रोल गाड्यांवरचा करही 28 वरून 18 टक्क्यांवर आला, त्यामुळे दोहोंतले अंतर कमी झाले. जून 2023 मध्ये केंद्र सरकारने विजेच्या दुचाकींचे अनुदान घटविले, किमती चढल्या, आणि त्याच महिन्यात खप खाली आला. लोकांची हौस एका महिन्यात आटत नसते. खिसा मात्र एका महिन्यात आखडतो.

मागणी कोणाची?

देशभरचे चित्र पाहिले म्हणजे ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. 2024-25 साली विकल्या गेलेल्या नव्या मोटारींत विजेच्या मोटारी शंभरात अडीचच्या आसपास होत्या, दुचाकींत सहाच्या आसपास, आणि तीनचाकींत निम्म्याहून अधिक. नॉर्वेसारख्या धनाढ्य देशात 2024 साली नव्या मोटारींपैकी शंभरात जवळजवळ एकोणनव्वद विजेच्या होत्या. तिथे करांची रचनाच तशी आहे. आपल्याकडे मात्र वीज आधी स्वीकारली ती चाकावर पोट असणाऱ्याने, कारण त्याला किलोमीटरचा पैसा रोज संध्याकाळी मोजावा लागतो.

आपल्या शेजारच्या माथेरानची गोष्ट याहून बोलकी आहे. तिथे मोटारींना बंदी, म्हणून माणूसच माणसाला हातरिक्षात बसवून ओढीत असे. सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने डिसेंबर 2022 मध्ये तिथे ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला, आणि 6 ऑगस्ट 2025 रोजी न्यायालयाने सहा महिन्यांत हातरिक्षा बंद करण्यास आणि त्या ओढणाऱ्यांनाच ई-रिक्षा मिळतील अशी व्यवस्था करण्यास फर्मावले. यंत्र आले की पहिला प्रश्न विचारावा, ‘ते कोणाच्या मालकीचे?’ ओढणाऱ्याच्या मालकीचे असेल तर ती मुक्ती. ठेकेदाराच्या मालकीचे असेल तर फक्त धन्याचा बदल.

आपल्या नाक्यांवरच्या रिक्षावाल्यांची अडचण वेगळी आहे. पुष्कळ रिक्षा दोन पाळ्यांत चालतात. दिवसा एक चालक, रात्री दुसरा. सीएनजीच्या रिक्षाला झोप लागत नाही, बॅटरीला लागते. दोन पाळ्यांच्या गाडीला ती झोप द्यावी कधी? बॅटरी बदलून देणारी केंद्रे स्टेशनांजवळ निघाली तर तोडगा आहे. अन्यथा दुसऱ्या पाळीच्या चालकाचे पोट मारूनच वीज येईल, हे धोरण आखणाऱ्यांनी ध्यानात ठेवले पाहिजे.

रात्रीची जागा

आता त्या खुंटीकडे येऊ. उल्हासनगर हे लष्करी छावणीतून उभे राहिलेले शहर. फाळणीनंतर सिंधी बांधव इथे बराकींतून आले, 1949 साली गावाला आजचे नाव मिळाले. बराकींच्या जागी घरे, घरांच्या जागी इमारती, आणि त्याही इतक्या दाट की बेकायदा बांधकामे नियमित करण्यास 2006 साली राज्याला वेगळा कायदा करावा लागला. अशा गल्लीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याने खाली रस्त्यावर उभ्या मोटारीस वीज कोठून द्यावी? खिडकीतून वायर सोडणे म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याच्या जिवाशी खेळ.

अंबरनाथ-बदलापुरात नव्या इमारतींखाली गाड्यांची जागा असते, पण तिथे भांडण सर्वसाधारण सभेचे. ‘मीटर कोणाचा? वायर कोठून न्यावयाची? आग लागली तर?’ वास्तविक केंद्र सरकारच्या 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी आपल्या घरच्या वीजजोडणीवर स्वतःची गाडी भरण्यास कोणासही मुभा दिली, आणि राज्याच्या 2021 च्या धोरणात नव्या इमारतींत अशा जागा तयार ठेवण्याचे सूत्र होते. यंत्राची गरजही फार मोठी नाही. पंधरा अँपिअरचा चांगला सॉकेट तासाला तीन युनिटे देतो. रोजच्या 40 किलोमीटरना सात युनिटे लागतात, म्हणजे अडीच तासांचे काम. मात्र वायर जाड हवी, अर्थिंग खरे हवे, आणि महावितरणकडून मंजूर भार तपासून घ्यावा. जाहिरातीतल्या मोठ्या चार्जरवाचून रोजच्या माणसाचे काहीच अडत नाही.

आगीची भीती निराधार नाही. 2022 साली पुण्यात आणि अन्यत्र विजेच्या स्कूटरी पेटल्या, आणि त्यानंतर केंद्राने बॅटरीच्या चाचण्यांचे नियम डिसेंबर 2022 पासून टप्प्याटप्प्याने कडक केले. म्हणून स्वस्तातली जुळवाजुळव केलेली बॅटरी घेऊ नये, आणि ती रात्री निजण्याच्या खोलीत, दाराच्या वाटेवर भरावयास ठेवू नये. पाण्याचेही तसेच. चांगल्या मोटारीची बॅटरी रस्त्यावरच्या साचलेल्या पाण्यातून जावयास बंदिस्त असते. परंतु 2005 अथवा 2019 च्या जुलैप्रमाणे उल्हास नदी घरांत शिरली आणि गाडी तासन् तास बुडाली, तर ती कारागिराने तपासल्यावाचून सुरू करू नये, वीजही जोडू नये. सखल वस्तीत राहणाऱ्याने हे विमा घेतानाच विचारून ठेवावे.

धुराविषयी थोडे बोललेच पाहिजे. उल्हासनगर आणि बदलापूर ही दोन्ही गावे 2019 साली निघालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या यादीत आहेत, म्हणजे आपली हवा ठरल्या प्रमाणाहून वाईट. विजेची गाडी आपल्या नाक्यावर धूर सोडत नाही, हा लाभ उघड आहे. परंतु देशातली बहुतेक वीज अजून कोळशावर होते. तेव्हा धुराचा एक वाटा चंद्रपूर-कोराडीच्या माणसाच्या अंगणात जातो, हे विसरून ‘स्वच्छ गाडी’ म्हणून मिरवू नये. ती वीज जसजशी उन्हावर होईल तसतशी गाडीही स्वच्छ होईल.

गॅरेजवाला आणि कारागीर

विजेच्या मोटारीत क्लच नाही, प्लग नाही, इंजिनचे तेल नाही, सायलेन्सर नाही. मालकाचा देखभालीचा खर्च उतरतो, आणि नेमका तोच पैसा गॅरेजवाल्याची कमाई असते. उल्हासनगरचा कारागीर कोणतीही वस्तू उघडून जोडून देतो अशी त्याची देशभर ख्याती! पण ही गाडी बिघडली तर तिच्या पोटातला संगणक कंपनीच्या परवानगीवाचून बोलत नाही, आणि साडेतीनशे व्होल्टच्या आसपास दाब असलेल्या बॅटरीला न शिकलेल्या हाताने स्पर्श करणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण. उपाय दोन : औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून रात्रीचे वर्ग काढून जुन्या मेस्त्रींना हे काम शिकवावे, आणि दुरुस्तीची माहिती व सुटे भाग बाहेरच्या कारागिरास मिळण्याचा हक्क कायद्याने पक्का करावा. गावात दुरुस्त होत नाही ती वस्तू रोजच्या माणसाची कधी होत नाही.

मागावयाचे ते हे

तेव्हा गाडी घ्यावी की नाही? ज्याला रात्रीची स्वतःची जागा आहे, जो रोज तीस-चाळीस किलोमीटर नेमाने फिरतो, त्याने मोटार अवश्य पाहावी. ज्याला जागा नाही, त्याला आज सीएनजीच बरी. आणि पुष्कळांना मोटारीपेक्षा स्कूटर अधिक सोयीची. तिची तीन युनिटांची बॅटरी साध्या सॉकेटवर चार-पाच तासांत भरते, किलोमीटरचा खर्च पस्तीस-चाळीस पैशांवर येतो, आणि काही स्कूटरींची बॅटरी काढून वर घरात नेऊन, मोकळ्या जागी नजरेसमोर भरता येते.

परंतु प्रत्येकाने आपापले बघावे, एवढ्यावर आम्ही थांबणार नाही. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, विठ्ठलवाडी या स्टेशनांबाहेर हजारो दुचाकी सकाळी सातपासून रात्री आठपर्यंत नुसत्या उभ्या असतात. बारा-तेरा तास! विजेच्या गाडीला याहून चांगली खुंटी कोणती? तिथे लाखालाखांची जलद यंत्रे नकोत. छपराखाली साध्या सॉकेटांची रांग, प्रत्येकाला मीटर, आणि रास्त दर, एवढे पुरे. कारखान्यांच्या वाहनतळांतही तसेच : आठ तासांची पाळी संपेपर्यंत गाडी भरून तयार. हे भरणे दिवसा होईल, म्हणजे उन्हावरची वीज होते त्याच वेळी. जुलै 2025 पासून स्मार्ट मीटरच्या घरगुती ग्राहकांना राज्यात दिवसाच्या विजेवर सवलत मिळू लागली आहे. ती सवलत घराबाहेरच्या या सॉकेटांपर्यंतही पोचावी.

पगारवाढीच्या मागणीपत्रात आम्ही उपाहारगृह मागितले, पाळणाघर मागितले, सायकलींची छपरी मागितली. त्या छपरीत आता वीजही मागावयाची वेळ आली आहे. नगरपालिकेच्या अंदाजपत्रकावर सूचना मागविल्या जातात, सोसायटीची वार्षिक सभा भरते, युनियनचे मागणीपत्र तयार होते. या तिन्ही ठिकाणी एकेक ओळ लिहिण्याचे काम आपले आहे. ती ओळ लिहिली गेली तर विजेची गाडी परवडेल की नाही हे ठरविण्याचे काम नुसत्या दुकानदाराच्या हाती राहणार नाही.